गोव्यातल्या जुन्या खाणीच्या डंपमधून लोहखनिज परत मिळवताना

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत उभे असलेले जुने डंप, म्हणजे खाणीतून काढून टाकाऊ म्हणून ओतलेल्या मालाचे ढीग, एकसारखे नाहीत. ज्या काळात ५५ ते ५८ टक्के लोहाखालचा माल विकलाच जात नव्हता, त्या काळातल्या डंपांत आजच्या हिशेबाने चांगलं खनिज पडून आहे. २००५ नंतर चीनने कमी दर्जाचा माल उचलायला सुरुवात केली. त्या वर्षांत टाकलेल्या ढिगात मात्र बऱ्याचदा खरोखरच माती उरलेली असते. म्हणून पहिला प्रश्न डंप किती मोठा आहे हा नाही. तो कोणत्या वर्षी, खाणीच्या कोणत्या बेंचवरून (पायरीवरून) आणि कोणत्या कट-ऑफने, म्हणजे लोहाच्या कोणत्या किमान टक्क्याखाली, टाकला, हे आधी शोधा. खाणीचे जुने नकाशे, मासिक अहवाल आणि त्या वेळचे टिपर कुठून कुठे जात होते याची नोंद मिळाली, तर निम्मं काम कागदावरच होतं.

सिंधुदुर्गातल्या रेडी पट्ट्यातलं खनिज याच जातीचं आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

परवानगीचं आधी

डंप म्हणजे कुणीही उचलावा असा कचरा नव्हे. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणींच्या लीज (भाडेपट्टे) २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्याचं ठरवलं आणि लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकायला मनाई केली. आता डंप हाताळणीसाठी राज्याचं २०२३ चं धोरण आहे. त्यामुळे डंप लीजच्या आत आहे की बाहेर, जमीन कोणाची, पर्यावरण मंजुरी कशासाठी आणि किती टनांची, हे चार कागद हातात आल्याशिवाय एक बादलीही हलवू नका. हेमॅटाइट या लोहखनिजासाठी भारतीय खाण ब्युरोने ठरवलेली किमान मर्यादा ४५ टक्के लोहाची आहे. तिच्यावरचा माल टाकाऊत मिसळायचा नसतो, वेगळा रचून ठेवायचा असतो. रॉयल्टी सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के, आणि जिल्हा खनिज निधी त्याशिवाय.

नमुना: इथेच डंप कळतो

टिपरने कड्यावरून ओतलेल्या ढिगात जाड दगड गडगडत पायथ्याशी जातात आणि बारीक माल वरच थांबतो. त्यामुळे पायथ्याचे चार दगड उचलून तपासले तर ग्रेड (लोहाचं प्रमाण) हमखास जास्त येतो. वरून फावड्याने घेतलेला नमुनाही खोटा बोलतो, कारण वरचा मीटर-दीड मीटर थर दरवर्षीच्या पावसाने धुतलेला असतो. बारीक माती खाली उतरलेली असते आणि वर खडी शिल्लक राहते. पृष्ठभागाचे नमुने कधीही हिशेबात धरू नका.

डंपवर ५० मीटर × ५० मीटरची जाळी आखा. डंप लहान असेल किंवा दोन वेगळ्या काळांत टाकलेला असेल, तर २५ मीटर घ्या. चार-पाच मीटर खोलीपर्यंत पोकलेनने खड्डे घेता येतात. खड्ड्याच्या एका उभ्या भिंतीवरून दर २ मीटरला वरून खाली सारख्या रुंदीची चर कापून माल घ्या. खड्ड्यात माणूस उतरवायचा असेल तर भिंती उतरत्या कापल्याशिवाय किंवा टेकू लावल्याशिवाय उतरवू नका. डंपची माती न सांगता सरकते. त्याहून खोल जायचं असेल तर आरसी ड्रिलिंग (हवेच्या दाबाने चुरा वर आणणारं ड्रिलिंग) लागतं. साधा ऑगर (स्क्रूसारखा गिरमिट) जांभ्याच्या धोंड्यावर आपटून अडकतो. ड्रिलच्या हवेबरोबर बारीक धूळ उडून गेली तर नमुन्यात चिकणमाती कमी दिसते आणि ग्रेड दोन-तीन टक्क्यांनी फुगतो. म्हणून सायक्लोनखाली (हवेतून चुरा वेगळा करणाऱ्या भांड्याखाली) पिशवी घट्ट बांधा आणि प्रत्येक मीटरचं वजन लिहा. वजन अचानक घटलं तर तो मीटर पुन्हा घ्या.

५० मिलिमीटरपर्यंतचे दगड असलेल्या मालाचा एक नमुना ६० ते १०० किलोचा हवा. ताडपत्रीवर शंकू करा, चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. २५ किलोपर्यंत आणा आणि तिथे थांबा. यापुढे कमी करायचं तर आधी दगड फोडावे लागतात, आणि चाळणी चाचणीसाठी नमुना फोडायचा नसतो. अनेक जण नमुना सरळ प्रयोगशाळेत देतात, तिथे तो पूर्ण दळला जातो आणि हातात एकच आकडा येतो: लोह ४६ टक्के. त्या आकड्यावर प्लांट उभारता येत नाही. लोह कोणत्या आकाराच्या कणात आहे, तेच त्यातून गेलेलं असतं.

घनता अंदाजाने धरू नका. सपाट जागी साधारण १ मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, निघालेला सगळा माल तोला, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा आणि किती लिटर लागलं ते मोजा. मालाचा थोडा भाग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढा. सर्व टनेज कोरड्या वजनात मांडा. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात एकाच डंपचा ओलावा खूप वेगळा असतो. ओल्या टनांवर केलेले करार पुढे भांडणाचं मूळ ठरतात.

ओली चाळणी आणि तिचा हिशेब

२५ किलोचा तो पूर्ण नमुना २४ तास पाण्यात भिजवा. बादलीत हाताने किंवा पॅडलने ढवळा आणि १०, १, ०.१५ आणि ०.०४५ मिलिमीटरच्या चाळण्यांतून पाण्यानेच चाळा. कोरडी चाळणी निरुपयोगी ठरते, कारण चिकणमाती दाण्यांना लेपासारखी चिकटून बसते. प्रत्येक भाग वाळवून तोला आणि प्रत्येकाचं वेगळं विश्लेषण करून घ्या: लोह, सिलिका, अ‍ॅल्युमिना, फॉस्फरस, मँगनीज आणि एलओआय, म्हणजे तापवल्यावर होणारी वजनघट.

उदाहरणादाखल एक हिशेब. १० मिमीवरचा माल १८ टक्के, त्यात लोह ५०. १० ते १ मिमी २२ टक्के, लोह ५४. १ ते ०.१५ मिमी २० टक्के, लोह ५१. ०.१५ ते ०.०४५ मिमी १२ टक्के, लोह ४५. त्याखालचा अतिबारीक गाळ, म्हणजे स्लाईम, २८ टक्के, लोह ३६. एकत्र करून लोह ४६.६ येतं. आता नुसती स्लाईम धुऊन काढली तरी उरलेल्या ७२ टक्के मालाचा ग्रेड ५०.७ होतो आणि एकूण लोहापैकी ७८ टक्के त्यात राहतं. म्हणजे काही न दळता, फक्त पाणी आणि घासणी यांच्या जोरावर ग्रेड चार टक्क्यांनी चढला. प्लांटवरचा पुढचा प्रत्येक रुपया याच आकड्याशी ताडून पाहायचा.

सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचं गुणोत्तर नीट पाहा. शुद्ध केओलिन मातीत अ‍ॅल्युमिनाच्या एका भागाला सिलिका सुमारे १.१८ भाग असते. तुमच्या स्लाईममध्ये गुणोत्तर याच्या जवळ असेल तर दोष मातीचा आहे आणि ती धुऊन जाते. सिलिका खूप जास्त असेल तर क्वार्ट्झ आहे. तो बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइटमधून (लोह आणि क्वार्ट्झचे पट्टे असलेल्या खडकातून) आलेला असेल तर दळल्याशिवाय सुटत नाही. अ‍ॅल्युमिना सिलिकेपेक्षा जास्त दिसलं तर गिब्साइट आहे किंवा अ‍ॅल्युमिना गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाच्या स्फटिकातच बसलं आहे. अशा मालाला कितीही धुवा, एका हद्दीखाली अ‍ॅल्युमिना उतरणार नाही. एलओआय याच गोष्टीची दुसरी साक्ष देतो. गोएथाइटमध्ये वजनाच्या सुमारे १० टक्के पाणी बांधलेलं असतं, आणि शुद्ध गोएथाइटचं लोहच ६२.९ टक्के असतं. हेमॅटाइटचं ६९.९. त्यामुळे एलओआय जास्त असलेल्या डंपमधून ६३ चा माल काढून देण्याचं वचन कुणी दिलं, तर त्याच्याकडे चाचणीचे कागद मागा.

घासणीला किती वेळ लागतो हेही बादलीतच कळतं. ५ किलो माल आणि तितकंच पाणी घेऊन पॅडल मिक्सरने २, ५ आणि १० मिनिटं ढवळा. दर वेळी ०.१५ मिमीखाली किती माल गेला ते तोला. २ मिनिटांनंतर आकडा फारसा वाढत नसेल तर साधा ड्रम स्क्रबर (माल घासून धुणारं फिरतं पिंप) पुरतो. १० मिनिटांपर्यंत वाढतच असेल तर लॉग वॉशर (पाती लावलेल्या दांड्यांनी जोरात घासणारं यंत्र) लागेल. ढवळल्यानंतर चाळणीवर उरलेले गोटे एकेक हातात घेऊन चिमटीत दाबा. जो गोटा बोटांत चपटा होऊन आतून पांढरट-पिवळा चिकट गाभा दाखवतो, तो दगड नाही, मातीचा गोळा आहे. प्लांटमध्ये असे गोळे चाळणीवरून लंप (जाड खनिज) म्हणून निघून जातात आणि जहाजात चढवलेल्या मालाचं अ‍ॅल्युमिना बिघडवतात.

डंप कापायचा तो वरून

पायथ्यापासून खणायला सुरुवात करणं ही सर्वांत धोकादायक चूक. टिपरने ओतलेला डंप त्याच्या नैसर्गिक उतारावर, साधारण ३५ ते ३७ अंशांवर, जेमतेम तोल सांभाळून उभा असतो. पायथा काढला की वरचा भाग पोकलेनवर येतो. माथ्यापासून ५-६ मीटरच्या बेंच घ्या आणि बेंचला आतल्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी कड्यावरून न जाता गटारात जाईल. पायथ्याभोवती जांभ्याचा बांध आणि चर, आणि चरीच्या शेवटी एकामागून एक दोन-तीन गाळ-टाक्या हव्यात. गोव्यात पाऊस सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली शेतं आणि खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेती) आहेत. एका पावसात उतरलेला लाल गाळ शेतकऱ्याचं पुढच्या कित्येक हंगामांचं नुकसान करून जातो. जून ते सप्टेंबर डंप कापणं बंद ठेवा. मेअखेर उघड्या बेंच झाका आणि गाळ-टाक्या रिकाम्या करा.

जुन्या डंपवर ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि काजू लावलेले असतात. झाडं तोडायला वेगळी परवानगी लागते. मुळं, पाला आणि वरची काळी माती वेगळी काढून ठेवा. ती पुढे पुनर्लागवडीला उपयोगी पडते, आणि प्लांटमध्ये गेली तर चाळण्यांची भोकं बुजवते.

टेलिंग पाँड, म्हणजे धुण्यातून उरलेल्या गाळाचं तळं, उपसायचा असेल तर जास्त जपून. वर वाळलेली कडक पपडी असते आणि दोन मीटरखाली माल अजून ओला-लोण्यासारखा असतो. पपडीवर यंत्र चढवलं की ते रुततं. आधी पाँडच्या कडेने चर खणून पाण्याची पातळी उतरवा, बांधात पिझोमीटर (आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी) बसवा आणि काठावरून लाँग-रीच (लांब हाताच्या) पोकलेनने काढा. बांधाच्या आतल्या पायथ्याचा माल शेवटपर्यंत हलवू नका, त्याच्या वजनावर बांध टेकलेला असतो.

प्लांटची मांडणी

तोंडावर १५० मिमीची ग्रिझली, म्हणजे जाड सळ्यांची जाळी. तिच्यावरचे धोंडे हाताने निवडून वेगळे टाका, त्यांतले बरेच जांभ्याचे असतात. पुढे स्क्रबर, वजनाने ५० टक्क्यांच्या आसपास घन (बाकी पाणी), आणि माल आत ३ ते ४ मिनिटं राहील असा. पाणी जास्त घातलं तर दगड दगडावर घासत नाही, नुसता पोहतो. घासणी अपुरी होण्याचं हेच सर्वांत नेहमीचं कारण. मग दुहेरी चाळणी, वर १० मिमी आणि खाली १ मिमी, फवाऱ्यांसह. १० मिमीवरचा माल ग्रेडचा असेल तर लंप म्हणून, नाहीतर क्रशरमधून परत चाळणीवर. १० ते १ मिमीचा भाग स्क्रू क्लासिफायर किंवा जिगमधून (पाण्याच्या हिसक्यांनी जड-हलका माल वेगळा करणाऱ्या यंत्रातून). हेमॅटाइटची घनता ५.२ आणि क्वार्ट्झची २.६५, त्यामुळे जिग चांगला चालतो. पण माल गोएथाइटी असेल तर घनता ४ च्या आसपास उतरते आणि जिगची धार बोथट होते. अशा डंपवर जिगवर पैसे घालण्याआधी चाचणी कराच.

१ मिमीखालचा माल हायड्रोसायक्लोनवर (पाण्याच्या भोवऱ्याने जाड माल खालून आणि बारीक माल वरून काढणाऱ्या यंत्रावर), १० ते १५ टक्के घन, १ ते १.५ बार दाब, कट ४५ मायक्रॉनच्या (०.०४५ मिमी) जवळ. खालचं तोंड, म्हणजे स्पिगॉट, रोज बघा. निरोगी सायक्लोनचा फवारा उघडा, २० ते ३० अंशांच्या शंकूत पडतो. तो आकसून दोरीसारखी जाड धार पडू लागली की समजा घन जास्त झालं आहे आणि चांगला जाड माल वरून स्लाईमबरोबर चालला आहे. फीड (आत येणारा माल) कमी करा किंवा स्पिगॉट एक आकार मोठा लावा. उलट फवारा फारच पसरला तर स्पिगॉट झिजला आहे आणि माती खाली येते आहे, तो बदला. स्पिगॉट महाग नाही, पण दोन आठवडे झिजलेला चालवला तर त्या दोन आठवड्यांचा माल बाद होतो.

सायक्लोनखालचा माल स्पायरलवर (जड-हलका माल वेगळा करणाऱ्या गोल उतरत्या पन्हाळीवर): २५ ते ३५ टक्के घन, प्रत्येक स्टार्टला (पन्हाळीला) ताशी दीड-दोन टन. स्पायरलला चढउतार सोसत नाही. पंपाच्या संपमध्ये (टाकीमध्ये) पातळी खालीवर झाली की खनिजाचा काळसर पट्टा जागा सोडतो आणि स्प्लिटर (तो पट्टा वेगळा कापणारी पट्टी) चुकीच्या जागी कापतो. तासातासाला स्प्लिटर हलवत बसण्यापेक्षा संपची पातळी स्थिर करा. ०.१ मिमीखाली स्पायरलचं काही चालत नाही. त्या भागातलं लोह हवं असेल तर व्हिम्स, म्हणजे १ टेस्लाच्या आसपास चालणारं उच्च तीव्रतेचं ओलं चुंबकीय यंत्र. त्याच्या आधी १ मिमीची कचरा-चाळणी आणि कमी तीव्रतेचा चुंबकीय ड्रम हवाच. मुळांचे तंतू आणि मॅग्नेटाइट यंत्राच्या मॅट्रिक्समध्ये (आतल्या पोलादी जाळीत) अडकले की धुण्याचं पाणी त्यांना सोडवू शकत नाही, आणि यंत्र हळूहळू बुजत जातं. दहा-वीस मायक्रॉनखालचं लोह त्यातूनही निसटतं, ते हिशेबात धरू नका.

आमचं स्पष्ट मत असं की गोव्याच्या बहुतेक डंपांना आधी फक्त स्क्रबर, चाळण्या आणि सायक्लोन लावावेत आणि सहा महिने चालवून पाहावं. व्हिम्स ही दुसऱ्या टप्प्याची खरेदी आहे.

यील्ड, म्हणजे फीडपैकी किती टक्के तयार माल निघाला, रोज काढा. फीडचं लोह वजा टेलिंगचं लोह, भागिले तयार मालाचं लोह वजा टेलिंगचं लोह. फीड ४६.६, माल ५६, टेलिंग ३३ असेल तर १३.६ भागिले २३, म्हणजे ५९ टक्के. वरच्या उदाहरणात नुसत्या धुण्याने ७२ टन मिळत होते, ५०.७ चे. ५६ ला जाण्यासाठी शंभरामागे १३ टन सोडावे लागले. बाजारभाव ते १३ टन भरून देतो का, एवढाच प्रश्न. निर्यात करणार असाल तर ५८ ची रेघही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ववत केलेल्या दरांनुसार ५८ टक्क्यांखालच्या फाईन्सवर (बारीक खनिजावर) निर्यात शुल्क नाही, त्यावरच्या मालावर ३० टक्के. नमुन्यात अर्ध्या टक्क्याचा फरक सहज पडतो, म्हणून ५७.८ चं लक्ष्य ठेवणं म्हणजे जुगार. ५७ वर थांबा.

पाणी आणि उरलेली स्लाईम

स्लाईम थिकनरमध्ये (गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत) जाते. अ‍ॅनायॉनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हे गाळ लवकर बसवणारं रसायन टनामागे २० ते ६० ग्रॅम लागतं. ०.१ टक्क्याचं द्रावण करून किमान ४५ मिनिटं मुरू द्या आणि वापरताना आणखी पातळ करा. पावडर घाईने ओतली की माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या पुन्हा कधीच विरघळत नाहीत. द्रावण वेगवान सेंट्रिफ्युगल पंपाने ढकललं तर साखळ्या तुटतात, त्यासाठी स्क्रू पंप वापरा.

थिकनरखालचा गाळ पाँडमध्ये सोडायचा की फिल्टर प्रेसने पिळायचा, हे पाण्याच्या हिशेबावर ठरवा. १०० टन कोरड्या फीडमागे ५९ टन माल १० टक्के ओलाव्याने गेला तर ६.६ टन पाणी जातं. ४१ टन टेलिंग ४५ टक्के घनावर पाँडमध्ये सोडलं तर त्याबरोबर ५० टन पाणी जातं. तेच टेलिंग २० टक्के ओलाव्याच्या केकमध्ये पिळलं तर १० टन. फीडबरोबर ११ टन पाणी आलेलं असतं. म्हणजे पाँड ठेवलात तर नवं पाणी सुमारे ४६ टन, पाँडवरून काही परत मिळेल ते वजा, आणि प्रेस ठेवलात तर ६ टनांच्या आत. एप्रिल-मेमध्ये गावच्या विहिरी आटलेल्या असताना हा फरक कागदावरचा राहत नाही. प्रेस महाग आहे, कापडं फाटतात, बारीक गोएथाइटी गाळाला पिळायला वेळ लागतो. तरीही नवा पाँड बांधण्यापेक्षा आम्ही प्रेसच सुचवू. वाळलेला केक थराथराने दाबून रिकाम्या खड्ड्यात रचता येतो आणि पावसात फुटायला त्याला बांध नसतो. रचताना ३० सेंटिमीटरचा थर, मग रोलर, मग पुढचा थर. केक ओला राहिला असेल तर पसरून दोन दिवस उन्हात द्या, ओल्यावर रोलर फिरवला तर तो उसळतो.

तयार फाईन्सचा ओलावा हा जहाजाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा ओले फाईन्स समुद्रात हलताना पातळ होतात आणि एका बाजूला सरकतात. २००९ च्या जुलैमध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ब्लॅक रोझ ही जहाजं भारतीय लोहफाईन्स घेऊन निघालेली असताना बुडाली. प्रत्येक ढिगाची वाहतूक-ओलावा मर्यादा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढा. डंप धुतलेल्या मालात बारीक भाग वेगळा असल्याने खाणीच्या मालाचा जुना आकडा चालत नाही. ढीग उंच, टोकदार आणि खाली चर असलेल्या फरशीवर ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. मांडवी किंवा झुवारीत बार्ज भरण्याआधी ढिगाच्या तळातूनही नमुना घ्या. वरचा हातभर थर कोरडा असला तरी निथळलेलं पाणी खालीच साचलेलं असतं.